चाकोरी, थार आणि थळ

पावसाळ्यात रविवारी पहाटे कल्याणजवळच्या मोहने-टिटवाळा भागातून मुरबाडच्या दिशेने उंच चाकांच्या गाड्या निघतात. थार, जिमनी, एखादी जुनी जिप्सी, क्वचित गुरखा. कोणी टपावर दिव्यांची रांग लावलेली असते, कोणी पुढे विंच बसवलेला असतो. कुठे निघालात, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘ऑफ-रोडला.’ जणू मुरबाड, सरळगाव यांच्यासारखं ऑफ-रोड हेही एक गावच.

याला मराठीत शब्द नाही, अशी तक्रार ऐकू येते. शब्द आहे, पण आपण तो भलत्याच कामाला जुंपला आहे. बैलगाड्या जाऊन जाऊन चाकांच्या ज्या दोन खोल रेघा पडतात त्यांना चाकोरी म्हणतात. त्या सोडून गाडी घातली की ती चाकोरीबाहेर गेली. आज चाकोरीबाहेर जातात ते फक्त नाटक-सिनेमे, शाळांचे उपक्रम आणि सत्कारमूर्तींचे विचार. त्यातलं चाक कोणाला आठवत नाही.

खरं तर ‘वाट’ या साध्या शब्दातही चाकच दडलेलं आहे. त्याचं मूळ संस्कृत ‘वर्त्मन्’. वृत् म्हणजे फिरणे, वळणे. ‘वर्तुळ’ही त्याच धातूचं. वेदातला वर्त्मन् म्हणजे आधी रथाच्या चाकाचा माग आणि मग मार्ग. ‘रस्ता’ मात्र फारसीतून आलेला. त्याचं नातं ‘रास्त’शी, म्हणजे सरळ आणि योग्य याच्याशी. रास्त भावाच्या दुकानातला रास्त तोच. तेव्हा रस्ता सोडणं म्हणजे सरळपणा सोडणं, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘वाट वाकडी करणे’ आहेच. पाहुणे आपल्यासाठी वाट वाकडी करून येतात. ही मंडळी मौजेसाठी करतात, इतकाच फरक.

चाकोरी हा शब्द या खेळात नुसता अलंकार म्हणून नव्हे, कामाचा म्हणून परत यायला हवा. चिखलात पुढच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी खोल असेल, तर मधला उंचवटा डिफरन्शिअलला लागतो. गाडी पोटावर बसते आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. मग फोर-लो, म्हणजे चढ-चिखलासाठीचा जास्त जोराचा गियर, टाकूनही उपयोग नसतो. विंच तरी हवा, नाहीतर दुसऱ्या गाडीचा दोर. म्हणून जाणता माणूस ओरडतो, चाकोरीत घालू नको, चाकं वरंब्यावर ठेव. वरंबा हा शेतीतला शब्द, सरीचा जोडीदार, आणि इथे तंतोतंत बसतो. शेतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: लावणी झालेल्या खाचराचा बांध फोडून गाडी घालणाऱ्यांना यातला एकही शब्द वापरायचा हक्क नाही.

टायरची गोष्ट छोटी आहे. इंग्रजीत तो ‘अटायर’चा, म्हणजे पेहरावाचा तुकडा समजला जातो: चाकाला घातलेला पोशाख. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्याला आपण ‘धाव’ म्हणत आलो. एका भाषेने कपडे पाहिले, दुसरीने धावणं. मला दुसरी जास्त आवडते, हे मी लपवत नाही.

मग हे टायर मोठे करायचे, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा घालायच्या, गाडी चार बोटं उचलायची. याचं नाव ‘मॉडिफाय’. त्यातला लॅटिन ‘मोडुस’ म्हणजे माप, आणि मूळ लॅटिन क्रियापद मापात ठेवण्याचं, आवर घालण्याचं. सगळा हौसेचा बाजार मात्र माप ओलांडण्यासाठी भरलेला. शब्दाचा जुना अर्थ आज फक्त कायद्याने जपला आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाने ठरवलेला आणि नोंदणी पुस्तकात आलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

‘जीप’ या नावाच्या जन्माबद्दल मोठा वाद आहे. ‘जनरल पर्पज’ची आद्याक्षरं ही सर्वांना पाठ असलेली व्युत्पत्ती तितकीशी टिकत नाही. फोर्डच्या युद्धकाळातल्या जीपीडब्ल्यू या गाडीतला जी सरकारी कामाचा आणि पी 80 इंची व्हीलबेसचा संकेत होता. त्याआधी, 1936 साली, पॉपायच्या चित्रमालिकेत ‘यूजीन द जीप’ नावाचा अद्भुत प्राणी आला होता, जो कुठूनही कुठेही पोचे. सैनिकांना ते नाव आवडलं असावं. आपल्याकडे ही गाडी दोन वाटांनी आली. एक, माझगावात महिंद्रांनी जोडलेल्या विलीज कंपनीच्या जीप. दुसरी, लष्कराने काढून टाकलेल्या, ज्यांना लोक ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. तेव्हाचं डिस्पोजल दोन-दोन पिढ्या चालायचं. आजचं डिस्पोजल म्हणजे चहाचा कागदी कप.

आता थार. 2010 साली आलेल्या या गाडीला वाळवंटाचं नाव दिलं. वाळवंटाचं नाव सिंधी ‘थर’वरून, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘स्थल’. दोन स्वरांमधला एकटा ल सिंधीत र होतो, मराठीत ळ. आपण म्हणतो काळा, सिंधी माणूस म्हणतो कारो. त्याच न्यायाने त्यांचा थर तो आपला थळ. हे पडताळायला सिंधला जायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी वसली, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. मोहन्याहून शहाड ओलांडलं की ‘कारो’ कानावर पडतो.

आणि थळ तर आपल्या दारातला. अलिबागजवळचं थळ आहेच, पण कल्याणकरांना जवळचा तो थळ घाट, ज्याला आता सगळे कसारा घाट म्हणतात. 1865पासून तिथे आगगाडी चालते आणि 37 फुटांत एक फूट अशा चढामुळे मागून जास्तीची इंजिनं ढकलायला लावावी लागतात. फोर-लोचाच रेल्वे अवतार. घाटमाथ्यावर इगतपुरीला महिंद्रांचं ऑफ-रोड गाडी चालवण्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याच्या पुढे नाशिकला थार बनते. तिथून कल्याणकडे यायचा सरळ रस्ता याच घाटाचा. म्हणजे थार थळावरूनच खाली येते.

मराठी उच्चाराने तिच्याशी आणखी एक नातं जोडलं आहे: थारा. तोही ‘स्था’च्याच घराण्यातला दिसतो. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं गाव म्हणून मोहने वाढलं. इथल्या गल्ल्या सायकलींच्या मापाच्या. त्यामुळे थार घेणं आता कर्जाने सोपं झालं असलं, तरी थारला थारा कुठे द्यायचा, यावर सोसायट्यांच्या सभा रंगतात.