साध्या पदार्थाचा हरवलेला हिशेब

कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांविषयी आपण बरेच वाचतो. त्या चर्चेत एक गोष्ट मागे राहते. तारे, माती, पाणी, आपली हाडे ज्यापासून बनली तो साधा पदार्थ विश्वात जेमतेम ५ टक्के आहे. आणि त्यातलाही मोठा वाटा कित्येक वर्षे सापडत नव्हता.

मुळात तो किती असावा, हे कसे ठरले? महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती ड्युटेरियम उरले, यावरून एक आकडा निघतो. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनंतर मोकळ्या झालेल्या प्रारणावरून दुसरा. दोन्ही जुळले. पण १९९८ साली फुकुगिता, होगन आणि पीबल्स यांनी जमाखर्च मांडला, तेव्हा ताऱ्यांच्या खात्यात फारच थोडे निघाले. दूरच्या, म्हणजे जुन्या विश्वात वायूचे ढग दिसत होते. जवळच्या विश्वात मात्र निम्म्याच्या आसपास पदार्थाचा पत्ता नव्हता. तो मिळाला नसता, तर विश्वाच्या जन्माविषयीच्या किंवा दीर्घिकांच्या घडणीविषयीच्या आपल्या समजुतीवरच प्रश्न आला असता.

१९९९ साली प्रिन्स्टनमधील संगणकीय प्रतिरूपांनी दिशा दाखवली. हा पदार्थ दीर्घिकांमधल्या पोकळीत, लाखो अंश तापलेल्या विरळ वायूच्या रूपात असावा. अडचण ही की सरासरी चार घनमीटर जागेत एखादाच अणू. त्याचा उजेड तो किती पडणार? २०१८ साली ‘एक्सएमएम-न्यूटन’ या क्ष-किरण दुर्बिणीला त्यातल्या ऑक्सिजनच्या पुसट खुणा मिळाल्या, पण एकाच दिशेला.

खरी मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी चाळताना डेव्हिड नार्केविक या विद्यार्थ्याला काही सहस्रांश सेकंदांचा तीव्र रेडिओ स्फोट दिसला. मार्गदर्शक डंकन लोरिमर यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा स्फोटाच्या लहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेंगाळतात, कमी वारंवारतेच्या अधिक. हा उशीर मोजला, की वाटेत किती पदार्थ होता ते कळते. वायू दिसण्याची गरजच उरत नाही. मात्र स्फोट कोणत्या दीर्घिकेतून आला, हे माहीत हवे.

ऑस्ट्रेलियातल्याच ‘आस्कॅप’ दुर्बिणीने ते शोधून दिले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या स्फोटांवरून जाँ-पिएर मॅकार्ट आणि सहकाऱ्यांनी मे २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की हिशेब जुळतो. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच मॅकार्ट यांचे निधन झाले, पंचेचाळिशीतच. स्फोटाचे अंतर आणि लहरींचा उशीर यांचे नाते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

२०२५ साली ६९ स्फोटांच्या अभ्यासातून तपशील अधिक स्पष्ट झाला: सुमारे ७६ टक्के साधा पदार्थ दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात, १५ टक्क्यांच्या आसपास त्यांच्या भोवतीच्या वलयांत, उरलेला तारे आणि थंड वायूत. रात्री डोळ्यांना दिसणारे सारे त्या शेवटच्या छोट्या वाट्यातले. ज्या अंधाराला आपण रिकामा म्हणत आलो, साध्या पदार्थाची बहुतेक वस्ती तिथेच होती.