तळटीप : मिसेस नेप
१२. मिसेस नेप : लंडनच्या किंग्ज कंपनीतली नटी व गायिका. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६०पासून स्त्रिया काम करू लागल्या. नेप त्यांच्या पहिल्या पिढीतली. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत ती वारंवार भेटते. ५ ऑक्टोबर १६६७ रोजी तिने त्याला नाटकगृहाच्या रंगपटात नेले, नंतर खाली बसवून फळे दिली. त्या दिवशीच्या 'फ्लोराज व्हेगरीज'मधले समोरच्या पात्राचे प्रश्न पीप्स वाचत गेला आणि नेप आपली उत्तरे म्हणत गेली. पुढे विचर्लीच्या 'द कंट्री वाइफ'मध्ये (१६७५) तिने लेडी फिजेट साकारली. दुय्यम नटीची पाठांतराची मेहनत इतक्या जवळून क्वचितच नोंदली गेली आहे. म्हणून पीप्सची ही नोंद मोलाची.