परदेशातला फोन, आपल्या नावावरचा

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "बहीण कुवेतला घरकामाला गेलीय. महिना झाला, फोन नाही. तिकडं साधं सिमकार्ड मिळायला एवढा वेळ लागतो का गं?" त्यावरून आम्ही या गोष्टीचा मागचा इतिहास चाळला. तोच आज सांगतो.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांना कामाला माणसं हवी झाली. आपल्या रत्नागिरी, रायगडातूनही पुष्कळजण गेले. तेव्हा निरोप म्हणजे पत्र. लिहिता न येणारे कॅसेटमध्ये आवाज भरून गावी निघालेल्याच्या हाती द्यायचे. ट्रंक कॉल आधी नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. पुढं गावोगाव एसटीडी-आयएसडीचे पिवळे बूथ आले.

संयुक्त अरब अमिरातीत मोबाइल सेवा १९८२ सालीच आली, पण ती कामगारांसाठी नव्हती. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएम सेवा सुरू झाली, तिच्याबरोबर सिमकार्ड आलं. नंबर फोनचा न राहता कार्डाचा झाला. देश बदलला तर कार्ड बदलायचं, इतकं सोपं. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबलं.

कार्ड स्वस्त झालं, तशी कागदपत्रांची अट घट्ट झाली. अमिरातीत २०१२ पासून सर्व ग्राहकांना ओळखपत्र दाखवून सिमची पुन्हा नोंदणी करायला लावली. नियम चुकीचा नाही. पण मालकानं पासपोर्टच ठेवून घेतला, तर बाईनं दुकानात दाखवायचं काय?

ही अडचण आपल्या सरकारलाही कळली होती. २००७ च्या सुमारास परदेशी घरकामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या बायकांसाठी नियम झाले. वय किमान तीस, करारावर भारतीय दूतावासाची मोहोर, आणि मालकानं तिला प्रीपेड मोबाइलची सोय द्यायची. म्हणजे फोन ही चैन नव्हे, तिचा हक्क आहे, हे तेव्हाच मान्य झालं होतं. आमच्यापैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

ताईंच्या बहिणीचा फोन चाळिसाव्या दिवशी आला, शेजारच्या घरात काम करणाऱ्या बाईच्या मोबाइलवरून. दोनच मिनिटं बोलली. करार तिनं वाचलाच नव्हता.

म्हणून आम्ही गटाच्या वहीत एक पान राखलंय. बाहेरदेशी निघालेल्या बाईनं पासपोर्टची आणि कराराची झेरॉक्स, कामाचा पत्ता गटाकडे ठेवायचा, दूतावासाचा नंबर स्वतः पाठ करायचा. बँकेला जोडलेला इथला नंबर घरच्यांनी रिचार्ज करून चालू ठेवायचा. आणि तिकडचं सिम शक्यतो स्वतःच्याच नावावर घ्यायचं.

तुमच्या वहीतही असं एक पान काढा.