कलर, राखीव आणि पेन्शन: आजोबांचं डिस्चार्ज बुक एकदा नीट वाचा

नगर जिल्ह्यात फौजी नसलेलं गाव सापडणं अवघड. शहरात आर्मर्ड कोअरचं सेंटर अँड स्कूल आहे, एमआयआरसी आहे. तरी फौजेतल्या एका शब्दाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. तो शब्द म्हणजे 'राखीव'.

वर्दी उतरवली म्हणजे शिपाई मोकळा झाला, असं आपण समजतो. कागद तसं म्हणत नाही.

इंग्रजांनी 1886 मध्ये हिंदी फौजेत राखीव दल उभं केलं आणि 1888 मध्ये त्याचा कायदा केला. त्यात दोन वर्ग होते. 5 ते 12 वर्षं पलटणीत काढलेला शिपाई 'ॲक्टिव्ह' राखीवमध्ये जाई. पलटण आणि राखीव मिळून 21 वर्षं झाली की तो 'गॅरिसन' राखीवमध्ये, म्हणजे छावण्या-किल्ले सांभाळायच्या यादीत. एरवी माणूस घरी शेती करणार, पण बोलावणं आलं की औत सोडून निघायचं. सरकारचा हिशोब साधा होता. खडी पलटण महाग पडते, घरी बसलेला तयार शिपाई स्वस्तात पडतो.

1914 ला महायुद्ध पेटलं आणि या स्वस्ताईची किंमत कळली. राखीव शिपायांना बोलावलं तेव्हा त्यातले बरेच जण वयाने आणि तब्येतीने लढाईलायक उरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही पद्धत राहिली. 1950-60 च्या दशकांत भरती झालेल्या अनेक जवानांची बोली होती 7 वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष नोकरी, आणि 8 वर्षं राखीव. काही ठिकाणी 9 आणि 6. बेरीज 15. ही 15 भरली तर रिझर्विस्ट पेन्शन, नाहीतर नाही. म्हणजे घरी बसून काढलेली वर्षंसुद्धा मोजली जात होती! राखीवमधून कधी नाव कमी झालं, त्या एका तारखेवर म्हातारपण ठरत होतं. पुढे कलर सर्व्हिस वाढत गेली. अग्निपथच्या आधी शिपायाची बोली साधारण 17 वर्षं कलर आणि 2 वर्षं राखीव अशी असे.

हा शब्द किती महाग पडू शकतो, ते नौदलाच्या एका खटल्यात दिसतं. तिथे 10 वर्षं नोकरी आणि 10 वर्षं 'फ्लीट रिझर्व्ह' अशी रीत होती. दोन्ही भरली की रिझर्विस्ट पेन्शन. 3 जुलै 1976 पासून सरकारने फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणंच थांबवलं. आधी भरती झालेले खलाशी 10 वर्षं करून बाहेर पडले, पण राखीवमध्ये गेलेच नाहीत. टी. एस. दास खटल्यात ऑक्टोबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखीव सेवा केली नाही, तर रिझर्विस्ट पेन्शन नाही. मात्र सरकारच्या धोरणामुळेच ज्यांना राखीवमध्ये जाता आलं नाही, ते बाकीच्या अटी पूर्ण करत असतील तर विशेष पेन्शनला पात्र ठरू शकतात, हेही सांगितलं. 1976 चा निर्णय आणि 2016 चा निकाल. मध्ये 40 वर्षं गेली.

म्हणून सांगणं एवढंच. घरात आजोबांचं डिस्चार्ज बुक असेल तर ट्रंकेतून काढा. भरतीची तारीख, राखीवमध्ये टाकल्याची तारीख, राखीवमधून सोडल्याची तारीख बघा आणि बेरीज करा. पेन्शनऐवजी एकरकमी ग्रॅच्युइटी घेतल्याची नोंद आहे का, तेही बघा. ती असेल तर उगाच आशा धरू नका. शंका असेल तर आजीला घेऊन थेट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एजंटाला पैसे देऊ नका.

आणि आता अग्निवीर. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. 4 वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम होणार. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. जुन्या राखीव शिपायाचं निदान सरकारच्या वहीत खातं तरी चालू असायचं. उद्या वेळ आली तर देश या शिकून तयार झालेल्या पोरांकडेच बघणार, यात मला शंका नाही. मग बोलावण्याचा हक्क आणि सांभाळण्याची जबाबदारी एकाच कागदावर लिहिलेली असायला हवी. आपल्या खासदारांना, आमदारांना हा प्रश्न विचारा.

तुमच्या गावात कुणी रिझर्विस्ट असतील तर त्यांची हकीकत कमेंटमध्ये लिहा.