गाड्याच्या चाकापासून गलबताच्या कण्यापर्यंत

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून शिरूर कासारला आला, तो काखेत एक लांबट खोके घेऊनच आला. एका शिडाच्या गलबताची लाकडी प्रतिकृती जुळविण्याचे सर्व साहित्य त्या खोक्यात होते. यंत्राने कापलेला तळाचा कणा, त्यावर आडव्या बसवावयाच्या बरगड्या, पातळ लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठीसाठी गोल काड्या, दोरखंडाऐवजी वापरावयाचा दोरा आणि दोन मोठे नकाशे, असा तो संसार होता. सिंदफणेच्या काठच्या आमच्या गावाने दुष्काळ पुष्कळ पाहिले, जहाज मात्र कधी पाहिले नाही. त्यामुळे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी खोक्यात डोकावून विचारले, "अन् पाणी कुठनं आणायचं रं बाबा?" सारे घर हसले.

प्रश्न थट्टेचा होता, तरी तो माझ्या मनात राहिला. आपला समाज सुतारांचा. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडी, घराचे तुळई-खांब आणि देवघराची चौकट यांत आपल्या पूर्वजांचे आयुष्य गेले. समुद्र येथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. मग आपल्या मुलाने जहाज घडविण्याचा छंद धरावा यात आपल्या परंपरेचा काही धागा आहे, की ही केवळ शहरात लागलेली हौस आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मराठवाड्याचेच पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या सागरी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीक जातीचे दगड व तेरहून कापड गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेत असत, असे तो लेखक सांगतो. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, असे अंतरही त्याने दिले आहे. नकाशा समोर ठेवला तर तेरहून पैठणला जाणारी वाट आजच्या बीड जिल्ह्याच्या परिसरातूनच जात असावी, हे सहज लक्षात येते. जहाजात चढणारा माल आधी गाडीत चढत होता, आणि ती गाडी कोणा तरी सुताराने केलेली होती. त्या सुताराने समुद्र पाहिला नसेल, परंतु समुद्रावरच्या व्यापाराचे एक टोक त्याच्या हातात होते.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या, व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. त्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटविलेले आहे, आणि अशी नाणी पूर्व किनाऱ्यावर सापडली आहेत. आमच्या सिंदफणेचे पाणी गोदावरीला मिळून त्याच पूर्वसमुद्राला जाते. तेव्हा जहाज ही वस्तू आपल्या मातीला अगदीच परकी नव्हे.

तथापि जहाज पाहणे वेगळे आणि ते बांधणे वेगळे. बांधणीचे काम नव्याने शिकावे लागते, आणि शिकताना थोरामोठ्यांनाही नवशिक्या व्हावे लागते. याचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण शिवछत्रपतींच्या आरमाराचे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली. घाटमाथ्यावर वाढलेल्या राज्याला हे काम सर्वस्वी नवे होते. म्हणून रुइ लैतांव व्हियेगस नावाच्या पोर्तुगीज जाणकाराला, त्याच्या मुलाला व त्यांच्या माणसांना कामावर ठेवण्यात आले. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील, अशी भीती पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटू लागली. वसईच्या अधिकाऱ्याने त्यांची मने वळविली, आणि १६५९ मध्ये हे सारे लोक काम सोडून गुपचूप निघून गेले.

शिकविणारे गेले, आणि अर्धवट शिकलेले कारागीर मागे राहिले. शिकाऊ माणसाच्या आयुष्यात याहून कठीण प्रसंग कोणता? परंतु काम थांबले नाही. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजांचा ताफा घेऊन बसरूरपर्यंत गेले, आणि १६७९ च्या खांदेरीच्या झुंजीत मराठ्यांच्या लहान, हलक्या, वल्ह्यांच्या होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना बेजार केले. आधी लहान व आपल्याला झेपेल ते नीट बांधावे, हा धडा त्या कारागिरांनी गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी जी आज्ञा लिहून ठेवली, ती प्रत्येक सुताराच्या घरी माहीत असावयास हवी. आरमाराला लाकूड लागते, परंतु रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, कारण ती एकदोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांप्रमाणे ती वाढविलेली असतात. झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे. लाकडाच्या मोलाची अशी जाण असलेली राजाज्ञा विरळाच.

राजानेही शिकाऊ व्हावे, याचे दुसरे उदाहरण दूर युरोपातील आहे. रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये हॉलंडला गेला आणि अॅम्स्टरडॅमच्या गोदीत हाती कुऱ्हाड घेऊन सुतारांबरोबर जहाज बांधू लागला. काम शिकल्याचा दाखलाही त्याने तेथील उस्तादाकडून घेतला.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १७३६ मध्ये सुरतेच्या गोदीतील लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी मुकादम काही सुतारांना बरोबर घेऊन मुंबईस आले. १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी झाली, आणि वाडिया घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीची धुरा वाहिली. त्यांच्या सागवानी जहाजांपैकी 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची कथा आमच्या खोक्यातील गलबताशी विशेष जुळणारी आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून यावयाचे होते. ते आणणारे 'जावा' हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेने बुडविले व नकाशे त्याबरोबर गेले. दुसरे नकाशे १८१३ मध्ये आले, आणि प्रत्यक्ष बांधणीला १८१६ साल उजाडले. त्या वेळी मुख्य बांधकामकार जमशेटजी बमनजी वाडिया यांनी आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली व पेशवाईचा अस्त जवळ आला. राज्ये बुडाली, पण ते सागवान तरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ही नौका आजही पाण्यावर आहे.

वाडियांची नावे इतिहासाने जपली, ती योग्यच झाले. त्यांच्या हाताखाली वाकस चालविणाऱ्या शेकडो सुतारांची नावे मात्र ग्रंथांत क्वचितच सापडतात. ते कोणत्या ज्ञातीचे व कोणत्या गावचे होते, याविषयी नुसत्या अभिमानापोटी काही सांगणे उचित नव्हे. इतकेच म्हणावे की आपल्यासारख्याच हातांनी ते काम झाले, आणि ते हात निनावी राहिले.

प्रतिकृतीचा इतिहासही असाच जुना आहे. गुजरातेत लोथल येथील उत्खननात भाजलेल्या मातीच्या लहान नावा मिळाल्या आहेत. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कबरीत लाकडी नावांचा ताफाच १९२० मध्ये सापडला. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यापासून युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती होऊ लागल्या. साधारणतः एका फुटाला पाव इंच असे त्यांचे प्रमाण असे, आणि आतील बरगड्या दिसाव्यात म्हणून खालचा भाग फळ्या न मारता उघडा ठेवीत. मुंबईच्या गोदीतील अर्देशर करसेटजी वाडिया यांनीही तरुणपणी एका अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन आधी घडविले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय होत. आपल्या देशात आज राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील मुलामुलींना नौकांच्या प्रतिकृती करावयास शिकवितात व त्यांच्या स्पर्धाही होतात. मोठे शिकावयाचे तर आधी लहान करून पाहावे, ही रीत सर्वत्र एकच आहे.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो. नातवाने मोठ्या उत्साहाने बरगड्या कण्यावर चिकटविल्या आणि डाव्या अंगाच्या पट्ट्या एका दमात वरपासून खालपर्यंत बसवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कणा धनुष्यासारखा वाकलेला. शिवाय पट्ट्या नाळेकडे एकमेकींवर चढून तेथे उंचवटा आला होता. मुलगा खिन्न झाला. मी शिक्षकी पेशात आयुष्य घालविले. वडिलांनी वाकस पुढे केला तेव्हा मी खडू धरला. त्यामुळे मला त्यातले काही सांगता येईना. अखेर माझे थोरले बंधू, ज्यांनी साठ वर्षे गाड्या व औते केली, ते उठून आले. त्यांना नकाशावरील इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी गलबत उचलून डोळ्यासमोर धरले, कण्याच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "एका बैलानं गाडी सरळ चालती का रं? दोन्ही अंगानं संगंसंगं चढव."

त्यांनी पट्ट्या कोमट पाण्याने सोडवून काढावयास सांगितल्या. बरगड्यांच्या कडा पुढच्या व मागच्या बाजूस पट्टीच्या वळणानुसार कानशीने उतरत्या करून घेतल्या, म्हणजे पट्टी प्रत्येक बरगडीवर पूर्ण टेकते. गलबताचे पोट मध्ये रुंद व टोकाला अरुंद असते, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. ते काम त्यांनी जुन्या पटाशीने मापाशिवाय, केवळ नजरेने केले. चाकाच्या तुंब्यात आरे ठोकताना एक या बाजूचा व एक समोरचा, असे ठोकीत जावे लागते, हे त्यांनी लहानपणीच शिकले होते. समुद्र कधी न पाहिलेल्या त्या हातांना गलबत कळले, ते चाकामुळे कळले. नातू नकाशा वाचून सांगे व थोरले आजोबा पट्टी तासून देत. दिवाळी संपली तेव्हा दोन्ही अंगे सारख्या पट्ट्यांनी भरली होती आणि कणा सरळ होता.

हे पाहताना आनंद झाला, तसा मनाला चटकाही बसला. ट्रॅक्टर आले, लोखंडी औजारे आली, गाड्यांना रबरी चाके लागली, आणि आपली मुले नोकरीधंद्यासाठी शहरात गेली. यात दोष कोणाचा नाही. बलुत्यावर पुन्हा जगावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु माझ्या नातवाला वाकस, सामता, गुण्या ही नावेही ठाऊक नव्हती, आणि थोरल्या बंधूंच्या पश्चात ती नजर आमच्या घरात उरणार नव्हती. शिकविणारे निघून गेल्यावरही कल्याणच्या खाडीतील कारागीर काम पुढे नेऊ शकले, कारण तोवर थोडे तरी त्यांच्या हातात उतरले होते. आपल्या घरचे शिकविणारे आज ओसरीवर बसलेले आहेत. त्यांच्याजवळ बसावयास कोणी नाही, इतकेच.

म्हणून नव्याने हा छंद धरणाऱ्या मुलामुलींना चार शब्द सांगावेसे वाटतात. पहिल्याच खेपेस शंभर तोफांची युद्धनौका करू नये. एका डोलकाठीची, साधी नाव निवडावी. खोके महाग वाटले तर ते घेतलेच पाहिजे असेही नाही. जुन्या सागवानी फळीच्या चिपा, एक करवत, एक कानस व सरस एवढ्यावर लहान नाव होते. काम बिघडले तर ते फेकू नये, सोडवून पुन्हा करावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध कारागिराला शेजारी बसवून घ्यावे.

आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात अशा कामांचे एक मेज मांडावे, प्रत्येक कामाशेजारी घरातील एक जुने हत्यार ठेवावे, आणि ते ज्यांनी वापरले त्यांचे नाव व गाव कागदावर लिहावे, अशी नम्र सूचना आहे. गोदीतील सुतारांची नावे आता मिळणे कठीण. आपल्या घरची नावे तरी राहतील.

नातवाचे गलबत सध्या आमच्या देवळीत, वडिलांच्या वाकसाशेजारी उभे आहे. शीड अजून चढवावयाचे आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तो येणार आहे, आणि थोरल्या बंधूंनी डोलकाठीची काडी आतापासूनच तासून ठेवली आहे.