दिलसुखनगरची सायंकाळ

हैदराबादचे रस्त्यावरील खाद्यपदार्थ चाखविणारा वाटाड्या पाहुण्यांना बहुधा चारमिनारपाशी नेतो. त्याने एखादी संध्याकाळ कोठी ते दिलसुखनगर या वाटेलाही द्यावी. कोठी हा विवेकवर्धिनीचा, जुन्या मराठी वस्तीचा भाग. तेथील गोकुळ चाटमध्ये २५ ऑगस्ट २००७ रोजी ऐन गर्दीत बॉम्ब फुटला. त्याच रात्री दिलसुखनगरातही एक बॉम्ब सापडला. तो फुटला नाही, पेठ वाचली. परंतु २१ फेब्रुवारी २०१३ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास तेथे दोन स्फोट झाले, त्यांतील एक मिरची भज्यांच्या दुकानाजवळ. १८ जण मृत्युमुखी पडले. दिवसभराच्या कामानंतर अनोळखी माणसे ज्या घटकेला एका कढईभोवती जमतात, नेमकी तीच घटका मारेकऱ्यांनी हेरली होती. गोकुळ चाट पुढे पुन्हा उघडले. दिलसुखनगरात भज्यांच्या कढया आजही संध्याकाळीच तापतात.