आयरिश वर्कहाउस

आयरिश वर्कहाउस : निराधारांना अन्न व निवारा देऊन त्या मोबदल्यात त्यांच्याकडून काम करून घेणारी आयर्लंडमधील श्रमगृहे. १८३८ च्या गरीब कायद्यान्वये ती अस्तित्वात आली. तत्पूर्वी आर्चबिशप रिचर्ड व्हेटली याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१८३३–३६) आयर्लंडमधील दारिद्र्याचे कारण आळस नसून कामाचा अभाव हे आहे, असे दाखवून श्रमगृहांना प्रतिकूल मत दिले होते. ब्रिटिश शासनाने ते डावलून जॉर्ज निकल्स याची इंग्लिश धर्तीची योजना स्वीकारली. देशाचे प्रारंभी १३० विभाग करण्यात आले आणि खर्चाचा भार स्थानिक मालमत्ताकरावर टाकण्यात आला. पुढे श्रमगृहांची संख्या १६३ झाली.

श्रमगृहातील जीवन बाहेरील मजुराच्या जीवनाहून कमी सुखाचे असावे, हे यामागील तत्त्व होते. तथापि आयरिश मजूर इतका दरिद्री होता, की याहून निकृष्ट अन्न व निवारा देणे अशक्यच होते. त्यामुळे कडक शिस्त, बंदिस्तपणा आणि कुटुंबाची ताटातूट हीच धाक बसविण्याची साधने ठरली. जॉर्ज विल्किन्सन या वास्तुविशारदाच्या आराखड्यात पुरुष, स्त्रिया, मुलगे व मुली यांच्यासाठी उंच भिंतींनी अलग केलेली स्वतंत्र आवारे होती.

बटाट्यावरील रोगाने १८४५ पासून दुष्काळ ओढवताच ही व्यवस्था कोलमडली. सु. १ लाख लोकांसाठी योजिलेल्या या श्रमगृहांत १८५० मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक होते. १८४७ च्या दुरुस्तीतील ग्रेगरी कलमान्वये पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्यास मदत नाकारण्यात आली. परिणामी जमीन सोडणे किंवा उपाशी मरणे, एवढेच पर्याय असंख्य कुटुंबांपुढे उरले. दाटीमुळे ज्वर व अतिसार फैलावले. किलकेनी येथील श्रमगृहाच्या आवारात २००६ मध्ये झालेल्या उत्खननात किमान ९७० व्यक्तींचे अवशेष सापडले. त्यांत निम्म्याहून अधिक बालके होती.

आयरिश फ्री स्टेटमध्ये १९२० नंतरच्या दशकात ही पद्धती रद्द झाली व उत्तर आयर्लंडमध्ये ती १९४८ पर्यंत टिकली. काही इमारतींची रुग्णालये झाली, काही पाडण्यात आल्या. ट्यूम येथील श्रमगृहाच्या इमारतीत १९२५ ते १९६१ पर्यंत अविवाहित माता व त्यांच्या मुलांचे आश्रयगृह होते. इमारतीबरोबर निराधारांना समाजाच्या दृष्टीआड ठेवण्याची वृत्तीही वारशाने आली, असे यावरून दिसते.

गॉलवे परगण्यातील पोर्टुम्ना येथील श्रमगृह (१८५२) २०११ पासून अभ्यागतांसाठी खुले आहे. सु. ६०० लोकांसाठी बांधलेल्या या वास्तूत वैयक्तिक वस्तू फारच थोड्या उरल्या आहेत, कारण येथे राहणाऱ्यांजवळ स्वतःचे असे काही नव्हते. प्रवेशगृहापासून वेगवेगळ्या आवारांकडे जाणाऱ्या वाटा मात्र शाबूत आहेत. एका दारातून आत आलेले आईबाप व मुले कोठे दुरावत, हे तेथे प्रत्यक्ष चालून पाहता येते. दानशूरतेचे स्मारक म्हणून नव्हे, तर गरजूला मदत मागण्यापासून परावृत्त करणाऱ्या राज्यनीतीचा पुरावा म्हणून या वास्तूचे ऐतिहासिक महत्त्व आहे.